पेन्सिलीखालचे चेहरे

कुटुंबाचा फोटो काढायला माणसं आली की मी लगेच जागा सांगत नाही. खुर्च्या मांडते आणि ती आपली आपण कशी बसतात ते बघते. कोण न विचारता मधली खुर्ची धरतं, कोण भिंतीला टेकून उभं राहतं, कुठली सून सासूच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायला कचरते, हे सगळं दोन मिनिटांत कळतं. थोरल्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली आणि धाकटा मुद्दाम पार टोकाला गेला, तर जमिनीचा दावा कोर्टात आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. आमचे आप्पा म्हणायचे, फोटोग्राफरनं भांडण मिटवायला जाऊ नये. दोघांच्या मध्ये एक लहान मूल उभं करावं आणि बटण दाबावं. मी अजून तेच करते.

आमचा स्टुडिओ सांगलीत, हरभट रोडच्या मागच्या गल्लीत. आप्पांनी तो १९६४ साली काढला. त्याआधी ते मिरजेतल्या एका स्टुडिओत डार्करूममध्ये कामाला होते. हाफ प्लेटचा लाकडी कॅमेरा, निगेटिव्हवरचं रिटचिंग आणि उधारीची वसुली या तीन गोष्टी तिथं शिकायला होत्या. पहिल्या दोन त्यांना उत्तम आल्या. तिसरी शेवटपर्यंत आली नाही.

स्टुडिओतला पडदा एका नाटकाच्या रंगाऱ्याकडून करून घेतलेला. आमच्या भागात ही मोठी परंपरा होती. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी संगीत नाटकांचे पडदे रंगवत, आणि त्या वळणाची चित्रं करणारी माणसं पुढं कितीतरी वर्षं गावोगाव होती. आमच्या पडद्यावर संगमरवरी पायऱ्या, दोन खांब आणि तळ्यात हंस. पडद्यापुढं हळदीच्या सौद्याला आलेला शेतकरी नवी टोपी घालून बसायचा. टोपी कोरी करकरीत, पायातल्या वहाणांना मात्र वाटेतला चिखल. आप्पा वहाणा काढायला सांगत नसत. ‘त्याच्या पायातलं त्याच्या पायात राहू दे,’ म्हणायचे. आज त्या निगेटिव्ह पाहताना मला हंसापेक्षा त्या वहाणाच जास्त आवडतात.

खुंटीला एक काळा कोट असायचा. पासपोर्ट फोटोला, नोकरीच्या अर्जाला, मुलगी बघायला जाण्याआधी पाठवायच्या फोटोला तोच कोट. पुढून तो सगळ्यांना बसायचा, कारण मागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळलेला असायचा. सांगलीतली किती लग्नं त्या कोटावर जमली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. बायकांसाठी एक छोटं टेबल आणि त्यावर कागदी फुलांची फुलदाणी. मनगटी घड्याळ असेल तर हात टेबलावर अशा बेतानं ठेवायचा की घड्याळ दिसलं पाहिजे. घड्याळ नसेल तर हातात पुस्तक. ज्यांनी कधी अक्षर गिरवलं नाही अशा बायकाही त्या फोटोंत पुस्तक धरून बसल्या आहेत. त्याला खोटं म्हणायचं की इच्छा म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथले नावाजलेले फोटोग्राफर. पण तो मुंबईचा आणि शिकलेल्यांचा फोटो. आमच्याकडच्या बहुतेक घरांत पहिला फोटो यायला पुढं शंभर वर्षं गेली, आणि त्यातही बायकांचा सगळ्यांत शेवटी. फोटो काढला की आयुष्य कमी होतं ही समजूत पुष्कळ दिवस टिकली. दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी फोटोग्राफीचा धंदा करत, त्यांनाही ती आडवी आल्याचं सांगतात. त्यामुळे कितीतरी घरांत आजोबांचा फोटो आहे आणि आजीचा नाही. दुरुस्तीला येणारी माणसं आजही पहिलं वाक्य हेच बोलतात: ‘आजीचा हा एवढाच आहे ओ ताई.’

आप्पांचं खरं काम डार्करूममध्ये नव्हतं, रिटचिंगच्या डेस्कवर होतं. कलता लाकडी डेस्क, मध्ये काच, खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावरून काचेवर यायचा आणि काचेवर निगेटिव्ह. निगेटिव्हवर कापसाच्या बोळ्यानं ‘मीडियम’ लावायचं. डिंकासारखी राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून केलेलं ते रसायन. त्यानं फिल्मचा गुळगुळीतपणा जातो आणि पेन्सिल उठते. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं. मग डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, मुरुमांचे डाग, सगळ्यांवर स्वल्पविरामासारख्या बारीक रेघा, एकावर एक. निगेटिव्हमध्ये उजेड आणि अंधार उलटे असतात. तिथं पेन्सिलीनं गडद केलेली जागा कागदावर उजळ उतरते. म्हणजे सुरकुती पुसायची तर तिथं रेघ ओढायची. मी लहानपणी शेजारी बसून हे बघायची आणि मला वाटायचं, आप्पा माणसांना म्हातारं करतायत.

या कामाला गिऱ्हाईक जादा पैसे द्यायचं. रजिस्टरात तसा रकानाच होता: नंबर, नाव, गाव, साइज, कॉपी, रिटच, बाकी. निगेटिव्हच्या कडेवर तोच नंबर. लग्नाच्या मुलींच्या फोटोंपुढं रिटचच्या रकान्यात कायम ‘पूर्ण’ लिहिलेलं. पूर्ण म्हणजे रंग दोन छटा उजळ. सावळ्या मुलीचा फोटो तसाच दिला तर आईच परत घेऊन यायची. आप्पांनी हे आयुष्यभर केलं आणि त्याबद्दल त्यांना कधी काही वाटल्याचं मला दिसलं नाही. मला वाटतं. पण त्या आयांनाही मी नावं ठेवू शकत नाही, कारण तो फोटो ज्या दिवाणखान्यात जाणार होता तिथं काय बोललं जातं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

रंगीत फोटोंचा काळ आमच्यासाठी चटकन गेला. रोल लॅबला पाठवायचे, प्रिंट परत आल्या की पाकिटात भरायच्या. डेस्कवर धूळ बसली. त्या काळातले फोटो आता दुरुस्तीला येतात तेव्हा निम्म्यांचा रंग लाल-तांबडा झालेला असतो. रंगीत कागदात तीन रंगांचे थर असतात आणि जुन्या कागदांत त्यातला निळसर थर अंधारातसुद्धा सगळ्यांत आधी उडतो. अल्बम कपाटात जपून ठेवला तरी तो उडतोच. आईवडिलांचा १९५५ चा काळा-पांढरा फोटो ठणठणीत आणि मुलाच्या १९८२ च्या लग्नाचा लालभडक, हे बघून लोक चक्रावतात. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग नसतो, धातूरूपातली चांदी असते. हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट धुवून काढला असेल तर ती माणसापेक्षा जास्त जगते. हायपो राहिला की मात्र पिवळी पडते. आप्पांकडं नवा पोऱ्या आला की पहिले सहा महिने त्याच्याकडं फक्त धुण्याचं काम असायचं.

आप्पा २०११ साली गेले. तोवर डिजिटल कॅमेरा आला होता, मग सगळ्यांच्या हातात फोन आला. स्टुडिओत येऊन घरचा फोटो काढणं हे दिवाळीपुरतं, साठी-पंचाहत्तरीपुरतं राहिलं. दुकान बंद करावं असं घरात बोलणंही झालं. मी तेव्हा पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रं आणि अधूनमधून जुन्या फोटोंची दुरुस्ती यावर तग धरून होते. दुरुस्ती हे माझं मुख्य काम झालं ते पुरानं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढं सांगितलं की सांगलीकरांना पुढचं सांगावं लागत नाही. स्टुडिओत पाणी माझ्या खांद्याच्या वर चढलं होतं, हे नंतर भिंतीवरच्या रेघेवरून कळलं. खालच्या कपाटांतल्या निगेटिव्ह गेल्या. वरच्या फळीवरच्या राहिल्या, आणि रजिस्टरं माळ्यावर होती म्हणून सगळी वाचली. म्हणजे आता माझ्याकडं हजारो माणसांची नावं, गावं आणि बाकी आहे, चेहरे नाहीत.

पाणी उतरल्यावर चिखल काढत होतो तेव्हाच माणसं यायला लागली. कुणी पाटीत, कुणी कळशीत, कुणी स्टीलच्या डब्यात फोटो घेऊन. घरातलं धान्य, गाद्या, फ्रीज सगळं रस्त्यावर पडलेलं, आणि ही माणसं ओल्या फोटोंचा गठ्ठा छातीशी धरून उभी. बहुतेकांनी तो गठ्ठा आधी उन्हात ठेवला होता. तिथंच नुकसान झालं होतं. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो आणि मऊ होतो, त्या अवस्थेत दोन फोटो एकमेकांवर वाळले की थर थराला चिकटतो आणि सगळ्या अल्बमची एक वीट होते. मग ओढलं तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर जातो.

म्हणून त्या दिवसांत मी दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं: वाळवू नका, ओलेच आणा. ऐकायला उलटं वाटतं, पण तेच बरोबर आहे. ओला गठ्ठा स्वच्छ गार पाण्याच्या टबात ठेवायचा, पाण्याखालीच एकेक सोडवायचा, चिखल बोटानं न चोळता पाण्याच्या हालचालीनं जाऊ द्यायचा आणि मग मच्छरदाणीच्या ताणलेल्या कापडावर चेहरा वर करून सावलीत वाळवायचा. दोन दिवसांच्या आत हे झालं नाही तर आपल्या हवेत बुरशी धरते आणि बुरशीचं आवडतं खाणं जिलेटिन. एवढे फोटो एकटीला शक्य नव्हते. वीज आल्यावर एका ओळखीच्या आइस्क्रीमवाल्यानं रिकामा डीप फ्रीझर दिला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ओले फोटो घालून, नावं लिहून, ते गोठवून ठेवले आणि पुढं जमेल तसे काढत गेले. गोठलेल्या फोटोवर बुरशी वाढत नाही. तो आइस्क्रीमवाला अजून गमतीनं सांगतो की त्याच्या फ्रीझरमध्ये सांगलीचा अर्धा गावभाग झोपला होता.

त्या पुरानं एक गोष्ट पक्की शिकवली. सगळ्यांत जास्त वाचले ते सगळ्यांत जुने फोटो. जाड कागदावरचे काळे-पांढरे फोटो मुळात तासभर पाण्यात धुऊनच तयार झालेले असतात, त्यांना पाण्याचं भय कमी. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्यांचे रंग वाहून पांढरा कागद उरला. आणि जपायचे म्हणून लॅमिनेशन केलेले होते, त्यांच्या कडेतून गढूळ पाणी आत शिरलं ते तिथंच राहिलं. लॅमिनेशन उकलता येत नाही. फोटोला लॅमिनेशन करणं हा त्याचा शेवट करणं आहे, आणि हे मी लॅमिनेशनचं मशीन दुकानात असताना सांगते आहे.

दुरुस्तीचं काम लोकांना वाटतं तसं रंगवण्याचं नाही. निम्मं काम बघण्याचं आहे. आधी स्कॅन. तोही ६०० किंवा १२०० डीपीआयला, कारण हाताच्या तळव्याएवढ्या फोटोत पोस्टकार्ड साइजपेक्षा कितीतरी जास्त दडलेलं असतं. मग तो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलमध्ये वेगळा करून बघायचा. काळ्या-पांढऱ्या फोटोवर चहाचा किंवा चिखलाचा पिवळट डाग असेल तर तो निळ्या चॅनेलमध्ये काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. उलट, फोटोच पिवळा पडून उडत आला असेल तर उरलेला चेहरा निळ्या चॅनेलमध्ये सापडतो. जाळीदार उठावाच्या कागदावरचे फोटो असतात, त्यांची जाळी स्कॅनमध्ये चमकते. ते एकदा सरळ आणि एकदा उलटं फिरवून स्कॅन करायचे आणि दोन्ही एकमेकांवर बसवायचे, चमक बरीचशी जाते. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. माणसं घरून ओढूनच आणतात, हा भाग वेगळा.

एवढं झाल्यावर मगच ब्रश. भिंत, पडदा, साडीचा साधा भाग, इथं मी निःशंक हात चालवते. हल्ली मशीनच्या बुद्धीवर चालणारी साधनंही तिथं वापरते, वेळ वाचतो. चेहरा आला की सगळं थांबवते आणि फोन लावते. ‘काका, तुमच्या वडिलांची डावी भुवई तुटलेली होती का? इथं घडी पडलीय, मला कळत नाहीये.’ माणसं सुरुवातीला वैतागतात. तुम्हीच करा ना काहीतरी, म्हणतात. मग दुसऱ्या दिवशी पुण्याच्या आत्याला विचारून फोन येतो की भुवई नव्हे, कपाळावर जखमेचा वण होता, बैलानं मारलं होतं. तो वण मग मी राखते. माझ्या दुकानात सगळ्यांत जास्त वेळ या फोनांवर जातो आणि मी पैसेही त्याचेच घेते असं म्हटलं तरी चालेल.

मागणी काय काय येते, ते एकदा सांगायला हवं. आजी-आजोबांचा एकत्र फोटो नाही, दोन वेगळे आहेत, ते शेजारी बसवून द्या. वडिलांना फेटा बांधा. काकाला फोटोतून काढा. (हे मी करत नाही. काकाला काढायचं असेल तर कात्री घरी असते.) तासगावकडच्या एक मावशी आईचा पेन्शनच्या कागदावरचा फोटो घेऊन आल्या. कपाळ मोकळं. वडिलांच्या शेजारी भिंतीवर लावायचा होता, तर कुंकू काढून हवं होतं. मी विचारलं, कसं लावायच्या? त्यांनी टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून आडवी चिरी ओढून दाखवली. ‘एवढी. बाप गेला त्या दिवशी पुसली, मी सात वर्षांची होते. मला तीच आई आठवते.’ मी दोन प्रिंट दिल्या, एक आहे तशी, एक चिरी काढलेली. दुसरीच्या पाठीवर लिहिलं की कुंकू नंतर काढलेलं आहे, आणि खाली तारीख. माझा नियम एवढाच. नसलेलं घालून देईन, पण पाठीवर तसं लिहीन, आणि मूळ फोटोची फाइल सोबत देईन.

काही फोटोंबाबत मी गप्प राहते. पूर्वी घरातलं माणूस गेलं आणि फोटोच नाही असं झालं की खेड्यावरून निरोप यायचा. आप्पा एसटीनं नाहीतर सायकलवर कॅमेरा बांधून जायचे. भिंतीला टेकवून बसवलेलं प्रेत, मागं धोतराचं पान. मग निगेटिव्हवर पेन्सिलीनं डोळे उघडायचे. त्या फोटोंच्या बारा बाय पंधरा इंची मोठ्या प्रिंट आजही घरोघरी आहेत आणि नातवंडांना पत्ता नाही. स्क्रीनवर मोठं केलं की मला कळतं, दोन्ही बुबुळांत चमक नेमकी एका जागी आणि एका मापाची असते. खिडकीचा उजेड तसा पडत नाही. कुणी विचारलं तर सांगेन. अजून कुणी विचारलेलं नाही.

आणि एक काम असं आलं की त्यात आप्पांशीच गाठ पडली. पंचाहत्तरीच्या एक आजी मुलाबरोबर आल्या. वडिलांचा आमच्याच स्टुडिओतला फोटो, मागे हंसाचा पडदा, पण पुरात अर्धा गाल गेलेला. मुलाला तो नीट करून हवा होता. आजी फोटोकडं बघून म्हणाल्या, ‘नीट कशाला करता? मुळात हा आमचा बाप न्हाईच. त्यांच्या तोंडावर देवीचे खड्डे होते. आम्ही पोरी मांडीवर बसून बोटानं मोजायचो.’ देशात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, त्याआधीच्या पिढीत असे चेहरे घरोघर होते. फोटोतला गाल तर तुळतुळीत. मागचा शिक्का आणि नंबर बघून रजिस्टर काढलं. १९६८. रिटच: पूर्ण.

निगेटिव्ह वरच्या फळीवरची होती. राहिली होती. उजेडावर धरली तर गालाच्या जागी पेन्सिलीच्या रेघांचं इतकं दाट, इतकं एकसारखं विणकाम की मी भिंग लावून नुसती बघत बसले. आप्पांच्या हातचं इतकं बारीक काम माझ्याकडं दुसरं उरलेलं नाही. आणि मीडियम टर्पेंटाइनमध्ये विरघळतं. कापूस भिजवून फिरवला की पेन्सिल निघते, खालची निगेटिव्ह जशीच्या तशी राहते. आधी पेन्सिलीसकट मोठा स्कॅन केला, तो दोन ठिकाणी जपून ठेवला. मग कापूस फिरवला. बोळा राखाडी झाला. नवा स्कॅन स्क्रीनवर उलटा केला आणि खड्डे दिसायला लागले, गालावर, नाकाच्या शेंड्यावर, एक पापणीच्या अगदी कडेला.

आजींनी तो फोटो बघितला आणि म्हणाल्या, ‘हां. आता आमचा.’ मुलाला आवडला नाही. देवीचे वण भिंतीवर कशाला लावायचे, लोक काय म्हणतील, आजोबांनी स्वतः पैसे देऊन काढायला लावले होते ना? त्याचंही चुकलं असं मला वाटत नाही. त्या माणसानं १९६८ साली स्वतःचा चेहरा कसा राहावा हे ठरवून पैसे मोजले होते. लेकीला बाप हवा होता, नातवाला आजोबांची मर्जी. दोघांनी एकेक प्रिंट नेली.

गेल्या काही वर्षांत फोनमधली ॲपं आली. फोटो टाकला की अर्ध्या मिनिटात चकचकीत, वर रंगीत आणि हलता-हसतासुद्धा. लोक ते घेऊन येतात आणि विचारतात की हे फुकट होतंय तर तुमच्याकडं कशाला यायचं. रास्त प्रश्न आहे. पण माझ्याकडं आलेल्या अशा फोटोंत चकण्या माणसाचा डोळा सरळ झालेला मी पाहिलाय, मिटलेल्या ओठांत दात आलेले पाहिलेत, नाकातली चमकी डाग समजून पुसलेली पाहिलीय. मशीनला त्या माणसाची काहीच माहिती नसते. तिनं लाखो दुसरे चेहरे बघितलेले असतात आणि फाटलेल्या जागी त्यांतलाच एक बेमालूम बसतो. आप्पांची पेन्सिलही चेहरा बदलायची हे खरं. पण आप्पांच्या समोर तो माणूस बसलेला होता, त्यानं सांगितलं होतं, आणि रजिस्टरात नोंद होती. ॲपनं काय घातलं याची नोंद कुठंच नसते. पुढच्या पिढीच्या हाती तोच फोटो मूळ म्हणून जाणार. त्यामुळे ॲप खुशाल वापरा, पण जुना फाटका फोटो टाकून देऊ नका.

२०२१ लाही पाणी आलं, तेव्हा निगेटिव्ह आधीच वर नेल्या होत्या. आता ज्या उरल्यात त्या एकेक करून स्कॅन करते आणि रजिस्टराशी जुळवते. जुळलं की त्या गावात कुणाला तरी फोन करते. बऱ्याच वेळा घर सापडतं. उलटं मात्र फार अवघड जातं. घरात फोटो आहे, छान आहे, एक टाचणी टोचलेली नाही, आणि तो कुणाचा हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. असे फोटो लोक माझ्या काउंटरवर ठेवून जातात, तुम्हाला उपयोग होईल म्हणून. मला काय उपयोग होणार? गेलेला गाल मी विचारून-विचारून परत आणू शकते, गेलेलं नाव कुठल्याही चॅनेलमध्ये सापडत नाही.

तेव्हा एक काम घरीच करा, त्याला स्टुडिओ लागत नाही. जुने फोटो फ्रेमच्या काचेपासून थोडे दूर राहतील असे बसवून घ्या आणि अल्बम जमिनीलगतच्या कपाटातून वर हलवा. फोटो सपाट जागेवर पालथा ठेवून पाठीच्या कडेला मऊ पेन्सिलीनं, दाब न देता, डावीकडून नावं, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि ओल लागली की शाई पसरते. नव्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तो फोटो कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर आधी नाव लिहून मग फोटो आत घाला. नावं ज्यांना ठाऊक आहेत त्या आजीला, आत्याला या सुट्टीतच विचारा. फाटलेल्याचं नंतर बघू, स्टुडिओ रविवारीही दुपारपर्यंत उघडा असतो.